गाळलेल्या ओळी

आमच्या चौकात दूध डेअरीच्या भिंतीवर मंडळाचा काळा फळा आहे. पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, कुणाचा मुलगा दहावीत चमकला, कुणाचं निधन झालं आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हे सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं. जुन्या नाशकात वर्तमानपत्र न घेणारी घरं पुष्कळ होती, फळा न वाचणारं एकही नव्हतं. नव्वदच्या दशकातली जवळजवळ सगळी वर्षं तो फळा मी लिहिला. माझी नोकरी वाचनालयात, अक्षर वळणदार आणि घर डेअरीच्या समोर. मंडळाची मुलं दारात येऊन "ताई, फळा" एवढंच म्हणायची आणि मी खडूची पेटी घेऊन बाहेर पडायचे.

माझ्या धाकट्या भावाचं निधनही त्या फळ्यावर मीच लिहिलं. त्यात एक वाक्य खोटं होतं. ते मी नंतर कसं पुसलं, आणि ज्या माणसानं ते मला सांगून लिहवून घेतलं त्याला मी काय ऐकवलं, ते इथे लिहिते आहे. मन हलकं व्हावं म्हणून लिहीत नाही. मला ते हलकं करायचं नाही.

भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, म्हणून तो अर्धा माझ्याच हाताखाली वाढला. शाळेत त्याला 'काडी' म्हणत. सतराव्या वर्षी तो पिठाच्या गिरणीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामाला जाऊ लागला. जिना चढताना पिठाचा आणि वर लोखंडाचा वास यायचा. व्यायामशाळा चालवणाऱ्या माणसाला सगळे 'सर' म्हणत. ते स्वतः एकेकाळी स्पर्धांत उतरलेले. रुंद छाती, बारीक आवाज, आणि कुणाच्याही आईला पटकन 'माउली' म्हणायची सवय. आमच्या घरात अंडं चालत नसे, पण भावासाठी आईनं गॅलरीत वेगळा स्टोव्ह आणि वेगळं पातेलं ठेवलं. भिजवलेले हरभरे, दूध, ती गॅलरीतली अंडी आणि रोज दोन तास घाम, यावर त्यानं तीन वर्षांत चांगलं अंग कमावलं. तेवढं खरोखर त्याचं होतं.

अंबडच्या एका कारखान्यात तो मशीनवर होता, पण टेंपररी. काही महिने भरले की ब्रेक द्यायचे, म्हणजे कायम करायला नको. सरांनी त्याला तोडगा सांगितला होता. "राज्याला पहिल्या तिघांत ये. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लावतो तुला. मनमाडला आपला माणूस बसलाय." बाविसाव्या वर्षी भाऊ जिल्ह्याला पाचवा आला. त्या संध्याकाळी सर आमच्या घरी चहाला आले आणि आईसमोरच त्याला म्हणाले, "माउलीच्या दुधानं अंग होतं रे, रेल्वे होत नाही. जरा औषधपाणी करावं लागेल."

"औषध?" आईनं विचारलं.

"ताकदीचं हो. तुम्हाला नाही का तापातून उठल्यावर डॉक्टर देत?"

आई लगेच निश्चिंत झाली. आमच्या घरी, आणि आमच्यासारख्या सगळ्याच घरी, ताकदीचं इंजेक्शन ही चांगली गोष्ट होती. टायफॉइडनंतर घ्यायची, बाळंतपणानंतर घ्यायची. डॉक्टरनं दिलं नाही तर माणसं मागून घ्यायची.

पुढच्या सोमवारी वाचनालयाला सुट्टी होती. आई मटार सोलत बसली होती. भाऊ एक छोटा खोका घेऊन आला. त्यातला घडी घातलेला कागद त्यानं माझ्यासमोर ठेवला.

"ताई, वाच ना जरा. सगळं इंग्रजी आहे."

"तुझ्या सरांनी नाही वाचलं?"

"ते म्हणाले, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. पण तू वाच. तू वाचलंस की मला बरं वाटतं."

मी वाचलं. औषध कशासाठी ते वर लिहिलं होतं: मोठ्या आजारानं खंगलेल्यांसाठी, ठिसूळ हाडांसाठी, एका प्रकारच्या रक्तक्षयासाठी. मी ते मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे ताकदीचंच की." खाली बारीक अक्षरात मोठा परिच्छेद होता. त्याची सुरुवात 'पुरुष रुग्णांमध्ये' अशी होती. पुढचे दोन शब्द मी पाहिले आणि माझे कान तापले. ते पुरुषाच्या गुप्त अवयवांचे शब्द होते. समोर धाकटा भाऊ, शेजारी आई. मी मराठीत एम.ए. झालेली बाई, पण ते शब्द त्याच्यासमोर उच्चारणं मला जमण्यातलं नव्हतं. मी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "बाकी नेहमीचंच आहे."

त्या परिच्छेदात पुढे यकृत होतं, रक्तदाब होता, हृदय होतं. मी तिथवर पोचलेच नाही.

वर्षभरात तो दारातून जरा तिरका होऊन आत येऊ लागला. चौकातले लोक थांबून बघत. जिल्ह्याला पहिला आला तेव्हा मी फळ्यावर रंगीत खडूंनी 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं, भोवती वेलबुट्टी काढली आणि खाली 'मार्गदर्शक' म्हणून सरांचं नाव मोठ्या अक्षरात घातलं. त्या वेलबुट्टीची मला आजही चीड येते. पुढे तो राज्याला तिसरा आला. मनमाडचा माणूस मात्र त्या वर्षी जागा निघाल्या नाहीत म्हणाला, पुढच्या वर्षी फाइल वर गेलीये म्हणाला. फाइल वर असताना अंग उतरवून चालत नाही, असं सरांचं म्हणणं. इंजेक्शनं चालू राहिली. सर ती स्वतःच्या हातानं टोचायचे, एकेका पोराला आतल्या खोलीत बोलावून.

त्याची पाठ फोडांनी भरली. आई कडुलिंबाचा पाला उकळून लावायची. उन्हाळ्यात तो शर्टाखाली दोन-दोन बनियन घालू लागला आणि अंघोळीला जाताना दार आतून लावून घ्यायचा. लहानपणी त्याचा आवाज कधी चढला नव्हता. आता पोळी गार आहे म्हणून ताट भिंतीवर फेकायचा आणि मग त्याच भिंतीला कपाळ टेकून रडायचा. डोकं सतत दुखायचं. मी डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायचा, "सर म्हणतात, वजन उचलणाऱ्याचं दुखतंच."

चोविसाव्या वर्षी लग्न झालं. वहिनी विंचूरची, कांद्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस असलेल्या गृहस्थांची मुलगी. शांत, पण बोलली की नेमकं बोलणारी. दोन वर्षं मूल झालं नाही तेव्हा आई तिला देवाला घेऊन गेली, मग वैद्याकडे, मग मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. तिनं सोळा सोमवार केले. हळदीकुंकवाला शेजारच्या बाईनं ओटी भरताना तिला हळूच ओलांडलं. तिच्या तपासण्या तीनदा झाल्या, त्याची एकदाही नाही. शेवटी तो एकटाच जाऊन तपासून आला. रिपोर्ट त्यानं तिला दाखवला आणि कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली. तिनं ती पाळली. मी हे त्याच्या मागे ऐकलं.

एकोणतिसाव्या वर्षी, पहिल्या पाळीला निघताना, बुटाची नाडी बांधायला तो वाकला आणि उठलाच नाही. रिक्षात त्याला घालायला चौघे लागले. दवाखान्यात पोचलो तोवर संपलं होतं. तरुण डॉक्टरनं त्याचा शर्ट कापला, छाती बघितली, कुशीवर वळवून पाठ बघितली आणि विचारलं, "हे काय घेत होते?"

सर एव्हाना येऊन माझ्या मागे उभे होते. "काही नाही, डॉक्टरसाहेब. शुद्ध व्यायाम. सुपारीचं खांड माहीत नव्हतं पोराला."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ही माझी दुसरी चूक, आणि तेव्हा तर समोर धाकटा भाऊ लाजायलाही उरला नव्हता.

दुपारी मंडळाची मुलं दारात आली. त्या दिवशी 'ताई, फळा' म्हणायची कुणाची हिंमत होईना. मीच पेटी घेतली. सर फळ्याशेजारी उभे राहून सांगत होते, "हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानं, असं घाला. तीव्र हा शब्द घाला, ताई." मी घातला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी ते घरी आले. आईच्या पायाशी बसून डोळे पुसले, मग वहिनीला म्हणाले, "त्याची व्यायामाची बॅग द्या, पोरी. पट्टा आपल्या शेडमध्ये लावू. आठवण राहील." वहिनीनं बॅग आणून दिली. त्यांनी ती तिथेच उघडून आत हात फिरवला, तळापर्यंत फिरवला, आणि पट्ट्याखेरीज काही नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा क्षणभर कोरडा झाला. खोके आदल्या दिवशीच वहिनीनं माझ्या शब्दकोशाच्या मागे ठेवले होते. बॅगेच्या तळाशी हात फिरवणारा तो माणूस पाहिला आणि मी रडायची थांबले. तेव्हापासून मी भावासाठी रडणं सोडून दुसरंच काहीतरी करते आहे.

मी तो कागद काढला आणि शब्दकोश घेऊन बसले. गाळलेला परिच्छेद अकरा ओळींचा होता. मला सगळा वाचायला पाऊण तास लागला. नंतर शवविच्छेदनाचा अहवाल हाती आला, तोही त्या तरुण डॉक्टरकडून समजून घेतला. हृदयाचा स्नायू वीस वर्षं रक्तदाबाची दुखणी काढलेल्या म्हाताऱ्यासारखा जाड झाला होता. यकृत सुजलेलं होतं, मूत्रपिंडं खराब होती. डॉक्टर म्हणाला, "हे स्टेरॉइड असतं, ताई. आजाऱ्याला मोजून देतात. यांना कुणीतरी माप सोडून दिलंय, वर्षानुवर्षं." पोलिसांत जाऊ का, विचारलं. तो म्हणाला, टोचताना पाहिलेला साक्षीदार हवा. आतल्या खोलीत गेलेल्या मुलांपैकी एकही तोंड उघडेना. का उघडेना, ते मला समजत होतं. जे माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून कसं निघावं? त्या लाजेच्या आडोशाला बसून तो माणूस पोरांना टोचत होता.

मी वहिनीला म्हटलं, "मी फळ्यावर लिहिणार आहे. सगळं. तुमच्या दोघांचंसुद्धा त्यात येईल. तू नको म्हणालीस तर गाळीन."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "ताई, मला पाच वर्षं लोक काय काय म्हणाले, ते कुणी गाळलं होतं का? लिहा."

सोमवारी सकाळी, दुधाच्या वेळेला, मी फळा पुसला आणि लिहिलं:

'माझा भाऊ एकोणतिसाव्या वर्षी वारला. याच फळ्यावर मी कारण अपुरं लिहिलं होतं. त्याला सात वर्षं स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचली गेली. त्यानं पुरुषाची छाती बाईसारखी वाढते. अंडकोष आकसतात. मूल होत नाही. रक्तदाब चढतो, यकृत आणि मूत्रपिंडं खराब होतात, हृदय जाड होऊन बंद पडतं. त्याला मूल झालं नाही, दोष त्याच्या बायकोचा नव्हता. आपापल्या मुलाची पाठ बघा.'

खाली माझी सही केली. 'अंडकोष' हा शब्द मी इतक्या नीट काढला की लांबूनही वाचता यावा. वेलबुट्टी नाही, पण अक्षर तेच, अभिनंदनाचं.

डेअरीवाले काका किटली हातात धरून बाहेर आले. "अहो ताई, बायाबापड्या दूध न्यायला येतात हो इथं."

"त्यांच्यासाठीच लिहिलंय, काका."

तासाभरात सर आले. ओलं फडकं घेऊनच आले होते. चौक बघत होता. त्यांनी पुसता पुसता म्हटलं, "चांगल्या घरच्या बायका असलं लिहीत नाहीत, ताई. तुमचा भाऊ वरून बघत असेल, त्याला काय वाटेल?"

"त्याला उशीर झाला असं वाटेल," मी म्हणाले.

मी त्यांचं नाव लिहिलं नव्हतं. पुसायला तेच आले, आणि मग चौकाला विचारायचं काही उरलं नाही.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा लिहिलं. मंडळाच्या अध्यक्षांनी पेटी मागून घेतली. मी दिली आणि नवे खडू आणले. ते पुसत, मी लिही. दोन पोरं माझ्यामागून शब्द मोठ्यानं वाचून खिदळायची. एक दिवस वळून मी त्यांना म्हटलं, "पुढचंही वाचा ना, हृदयापर्यंत." पुढे कुणी वाचलं नाही. पावसाळा आला तशी मी पत्र्याखालच्या कोरड्या अर्ध्या भागात बारीक अक्षरात लिहू लागले.

वाचणाऱ्या वाचत होत्या. भाजीची पाटी उतरवून एक बाई मला म्हणाली, "ताई, मला वाचता नाय येत, पोरीनं वाचून दावलं. माझ्या पोराच्या पाठीवर लय फोडं आलेत. ते हेच हाय का?" मी म्हटलं, हेच असू शकतं, डॉक्टरला दाखवा. ती पाटी तिथेच ठेवून गिरणीचा जिना चढली. तिचा आवाज खाली चौकापर्यंत आला. त्या आवाजानं मला जे सुख झालं, ते मी लपवत नाही. दिवाळीपर्यंत शेडमध्ये पाच-सहा मुलं उरली आणि गिरणीवाल्यानं जागा खाली करून घेतली.

मला वाटलं, संपलं. पण दोन हजार सालानंतर, एका रविवारी, वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत जाहिरात घरात पडली. सिडकोत नवी जिम. आरसे, यंत्रं, थंड हवा. 'आम्ही घडवलेले विजेते' या ओळीखाली तेल लावलेला, दात दाबून हसणारा माझा भाऊ. तो गेला आहे याचा कुठे उल्लेख नव्हता. जणू आजही संध्याकाळी तिथे गेलं तर भेटेल.

वहिनीनं तो कागद खिडकीच्या उजेडात धरला. एवढंच म्हणाली, "हा फोटो मी काढलेला आहे."

मी फळ्यावरचाच मजकूर पांढऱ्या कागदावर लिहिला, वर तोच फोटो चिकटवला आणि खाली एक ओळ वाढवली: 'हा विजेता आता हयात नाही.' त्याच्या झेरॉक्स काढल्या. वाचनालयात वर्तमानपत्रं टाकणारा ओळखीचा होता. त्याच्या मेहुण्याकडे सिडकोची लाइन होती. उद्घाटनाच्या सकाळी तिकडच्या प्रत्येक घरात दोन कागद पडले, एक त्यांचा, एक माझा.

तीन दिवसांनी सर वाचनालयात आले. दुपारची वेळ. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी नेहमीचे पेन्शनर बसले होते. मी सरांना बऱ्याच वर्षांनी जवळून पाहत होते. अंग अजून मोठं होतं, पण चेहरा सुजकट, आणि जिना चढून आल्यावर टेबलाला धरून उभे होते.

"ताई, हात जोडतो. कर्ज काढून टाकलीय हो जिम. किती वर्षं सूड घेणार?"

"सर, बसा. एक वाचून दाखवा मला." मी खणातून तो घडीचा कागद काढला. भाऊ गेल्यापासून तो तिथेच होता. गाळलेल्या परिच्छेदावर मी बोट ठेवलं. "इथून."

त्यांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला. मग हळूच म्हणाले, "इंग्रजी आहे, ताई."

"हो."

"मला... एवढं नाही येत."

कितीतरी मुलांना टोचलं, आणि काय टोचतो आहे ते या माणसानं एकदाही वाचलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्याला सगळं माहीत असलेला समजून त्याचा द्वेष केला होता. मला वाटलं, आता तो कमी होईल. झाला नाही.

"मग मी वाचते," मी म्हणाले.

आणि मी वाचलं. वाचनालयात आपण बोलतो तसं दबक्या आवाजात नाही. शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असं. अकरा ओळी, एकेक शब्द मराठीत, कुठलाही न गाळता. पेन्शनरांची वर्तमानपत्रं स्थिर झाली. पहिल्या ओळींना सर इकडेतिकडे बघत होते. यकृताशी आल्यावर बघेनासे झाले. पायांवर सूज येणं, चालताना दम लागणं, हे मी वाचलं तेव्हा त्यांनी टेबलाखाली आपल्या घोट्यांकडे पाहिलं. ते स्वतःही तेच घेत आले होते, भावाच्या आधीपासून. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी वेग कमी केला. हृदयाची ओळ दोनदा वाचली.

वाचून झाल्यावर ते टेबलावरून माझ्याकडे वाकले. मग अगदी बारीक आवाजात, इतरांना ऐकू जाऊ नये असं, त्यांनी विचारलं, "ताई, बंद केल्यावर हे... बरं होतं का?"

मला उत्तर माहीत होतं. त्या तरुण डॉक्टरनं सांगितलं होतं: काही भरून येतं, काही येत नाही, पण लवकर दाखवलं तर माणूस वाचू शकतो. तो डॉक्टर आता गंगापूर रोडला बसत होता. त्याच्या दवाखान्याचा पत्ता माझ्या समोरच्या वहीत होता.

मी कागदाची घडी केली.

"बाकी नेहमीचंच आहे," मी म्हणाले, आणि पुढचं पुस्तक नोंदवायला घेतलं.